केबलवर न आलेली बातमी

गोटीरामशेठनी नारळ उचलला आणि तो तसाच डोक्यावर धरून म्हणाले, "हरेश आला का रं? तो आल्याशिवाय फोरत नाय मी."

मी आधी आमच्या ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते वाक्य आजवर ह्यांच्यासाठी होतं हो! "हौसेराव आले का? मंग फोरू." दिघ्यात गटाराचं उद्घाटन असो नाहीतर गणपतीचा मांडव, आमचे हे पोचल्याशिवाय नारळ फुटत नसे. आज हे तासभर आधीच येऊन पहिल्या खुर्चीत बसले होते, आणि नारळ हवेतच.

हे एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर कारकून. पण ती झाली पोटाची नोकरी. खरा जीव वार्ताहरकीत. मुंबईच्या एका पेपराच्या नवी मुंबईच्या पानावर ह्यांच्या बातम्या येत. मार्केटात ह्यांना कुत्रं विचारत नव्हतं. दिघ्यात उतरले की चालच बदलायची. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, मान ताठ. साताऱ्याकडून आलेल्या माणसाला इथल्या गावकऱ्यांनी उठून खुर्ची द्यायची म्हणजे काय चेष्टा आहे?

आणि हरेश कोण, तर परवापरवापर्यंत आमच्या पत्र्यावर चढून केबलची वायर ओढणारा पोरगा. त्यानं व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि रोज संध्याकाळी सातला केबलवर दिघ्याच्या बातम्या सुरू केल्या. सगळी वस्ती कामं टाकून बघायची. आमच्या घरात टीव्ही होता, केबल नव्हती. "वायरवाला बातम्या देणार व्हय? मग उद्या कंपाउंडर पोट फाडतील!" असं हे म्हणायचे. जळत होते, सरळ सांगते. मी सात वाजता शेजारच्या सखूकडे विरजण मागायला जायची. आमच्याकडे रोज दही कधीच लागत नव्हतं, त्या वर्षी लागायला लागलं.

मी काही फार मोठ्या मनाची होते असं समजू नका. मला त्या पेपराचा राग होता, सवतीचा असावा तसा. घरी आले की ह्यांचं डोकं कागदात. मी काही सांगायला गेले की "थांब गं, बातमीचा इंट्रो चाललाय, पहिली ओळ."

तर उद्घाटन होतं नव्या सार्वजनिक नळाचं. महापालिकेची पहिलीच निवडणूक तोंडावर आलेली, गोटीरामशेठना तिकीट हवं होतं. महिला मंडळाच्या आम्ही बायका ओवाळायला ताटं घेऊन उभ्या. आता ह्यांच्या धंद्यातली एक गंमत सांगते. कार्यक्रम संध्याकाळी पाचला आणि पेपराचं पान लागतं दुपारी. मग बातमी कशी जायची? निमंत्रणपत्रिका बघून सकाळीच लिहायची, 'उत्साहात पार पडला', आणि वाशीच्या ऑफिसात देऊन यायची. सगळेच वार्ताहर करायचे. शेठचं भाषणही हेच लिहायचे. शेठ माइकवर अडखळायचे, पेपरात घणाघात करायचे. मग तो घणाघात वाचून पुढच्या सभेत तेच बोलायचे. छपाई रात्री व्हायची, तेव्हा काही बिनसलंच, तर पीसीओवरून फोन करून बातमी थांबवायची. त्या दिवशीची बातमीही गेलेली होती. 'दिघ्यात पाणी खळाळले, महिलांनी केले गोटीरामशेठचे औक्षण.'

हरेश स्कूटरवरून आला. कॅमेरा खांद्यावर चढवला आणि पहिलं वाक्य काय बोलला? "काका, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय."

हे उठले आणि बाजूला झाले. मला फार वाईट वाटलं. नवऱ्याला कुणी असं हटवलेलं बघवत नाही, मग तो घरात कसाही असो.

नारळ फुटला. हरेश म्हणाला, "शेठ, परत एकदा. उजेड मागून होता." दुसरा नारळ आणला, तोही फुटला. टाळ्या झाल्या. शेठनी नळ फिरवला. आधी फुस्स झालं, मग गंजाचा एक चिखलाचा गोळा शेठच्या पांढऱ्या बुटावर पडला, आणि मग काहीच नाही. शेठ नळ फिरवतायत, फिरवतायत. बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या.

"बंद कर रं त्यो कॅमेरा!" शेठ खेकसले.

"चालूच हाय शेठ," हरेश म्हणाला आणि त्यानं कॅमेरा माझ्याकडे वळवला. "काकी, बोला. काय वाटतं?"

मला! आजवर मला कुणी विचारलं होतं काय वाटतं म्हणून? मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "वाटायचंय काय? ओवाळायला बोलावलं म्हणून ताट धरून हात भरून आला. पाणी आलं असतं तर ओवाळलं असतं. नळालाच ओवाळलं असतं, शेठना कशाला?"

बायकांनी अशा टाळ्या पिटल्या की नारळाला पण तेवढ्या नव्हत्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मग ह्यांच्याकडे लक्ष गेलं. तोंड काळंठिक्कर.

मी ताट सखूकडे दिलं आणि ह्यांच्याजवळ गेले. "अहो, फोन करा. पीसीओ समोरच आहे. बातमी थांबवा."

"तुझ्या हरेशला सांग की!" हे दात आवळून म्हणाले. "त्याच्यापुढं बरं तोंड फुटतंय. माझ्यापुढं कधी बोललीस का असलं?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

हे पीसीओच्या दारावरून तरातरा घरी निघून गेले.

सातला सखूकडे पाय ठेवायला जागा नव्हती. शेठ नळाशी झुंजताना दिसले, मग मी दिसले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. घरी आले तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. तिकडूनच आवाज आला, "किती वेळ दावली तुला?"

"शेठपेक्षा जास्त," मी म्हटलं. जीभ आवरायला हवी होती. नाही आवरली.

सकाळी हे दूध आणायला गेले. दूधवाला मानसिंग पेपर हातात घेऊन गिऱ्हाइकांना मोठ्यांदा वाचून दाखवत होता. "पाणी खळाळले! ऐका, ऐका, खळाळले! कुणाच्या घरी खळाळलं रे?" ह्यांना बघूनही तो थांबला नाही. हे दुधाची पिशवी घेऊन आले, ती ओट्यावर ठेवली आणि शर्टाच्या खिशातली पेनं काढून खिडकीत ठेवली.

तेवढ्यात गोटीरामशेठ हजर. मला वाटलं भांडायला आले. कसलं काय, हसत आले.

"हौसेराव, झ्याक बातमी! त्या केबलनं पार अब्रू घालवली माजी. पन केबल दिसतं कुठवर? ऐरोलीच्या पुढं नाय. तिकीट देनारे बसतात मुंबईला, ते वाचतात पेपर. कात्रनं धाडली बी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता येक करा. वहिनींच्या नावानं येक लिवा. काल गैरसमजानं बोलल्या, मागाहून पानी आलं, समाधान हाय. बस."

मी चहाचं आधण ठेवलं होतं ते तसंच सोडलं. हे 'हो' म्हणाले तर? खुर्ची मिळणार होती, नारळ परत थांबणार होता. आणि माझं तोंड माझ्याच नवऱ्याच्या हातानं बंद होणार होतं. ह्यांनी शेठच्या बुटांकडे बघितलं.

"शेठ, पाणी आलं न्हाई," हे शेवटी म्हणाले. "बातमी माझी चुकली. उद्या दुरुस्ती देतो."

"दुरुस्ती?" शेठचं हसू गेलं. "मंग यापुढं पत्रिका यायची नाय, हौसेराव. खुर्ची बी नाय."

"बरं."

शेठ गेले. माझे डोळे भरून आले. म्हटलं, माणूस माझ्यासाठी उभा राहिला. पण कसलं हो! हे खिडकीतलं पेन उचलत म्हणाले, "त्या पोराचं खरं आणि माझं खोटं? हे मी सोसायचं? बस खाली."

"कशाला?"

"बस म्हटलं ना. नळाचं बोल. पण त्याला सांगितलंस ते नको, ते शिळं झालं. त्याला न सांगितलेलं सांग."

हसावं की रडावं कळेना. मी समोर बसले. कागद मांडीवर, पेन उघडं, आणि नजर माझ्यावर. इतक्या वर्षांत असं बघितलं नव्हतं त्यांनी माझ्याकडे.

मग मी सांगितलं. "मागच्या उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या, तुमच्या आई, त्या दिवशी घरात पाणी नव्हतं. तुम्ही शेठच्या भूमिपूजनाला गेला होता. ह्याच नळाच्या. त्यांना आंघोळ घालायला घरात तांब्याभर पाणी नाही. मी गावच्या विहिरीवर पळाले. तिथं ही रांग. मी नुसती उभी राहून रडायला लागले. एका बाईनं स्वतःची भरलेली घागर माझ्या कमरेवर दिली. म्हणाली, 'तू हो पुढं, मी दुसरी आनते.' आणि आणली, पार आपल्या दारापर्यंत. तुम्ही आलात तेव्हा सगळं आवरलं होतं. पाणी कुठून आलं, तुम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तुमचीच बातमी होती, दिघ्याचा पाणीप्रश्न सुटला म्हणून."

पेन चालत होतं. हे मान खाली घालून म्हणाले, "कोण बाई? नाव लागतं."

"पुतळाबाई."

"कुठली पुतळाबाई?"

"हरेशची आई."

पेन थांबलं. मी म्हटलं, "नसेल लिहायचं तर राहू दे."

"आडनाव काय लावतो तो?"

"मढवी."

'पुतळाबाई मढवी' असं ह्यांनी लिहिलं, सावकाश. मग मान वर न करताच विचारलं, "आईला आंघोळ थंड पाण्यानं घातलीस का गं?"

"कोमट केलं होतं," मी म्हटलं. "थोडं रॉकेल शिल्लक होतं."

ते मात्र त्यांनी लिहिलं नाही.