वर्गातल्या रस्त्याचं उद्घाटन

अठ्ठ्याण्णव साली आम्हा शिक्षकांना आनंददायी शिक्षणाचं प्रशिक्षण दिलं. भर उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये कोंबून आनंद कसा घ्यायचा ते शिकवलं. मला राग लवकर येतो, तिथंही आला. पण एक गोष्ट मनापासून पटली, की पोरांनी स्वतःच्या हातानं करून शिकावं. म्हणून शाळा उघडल्यावर हातकणंगल्याजवळच्या माझ्या शाळेत मी चौथीच्या पोरांकडून वर्गाच्या कोपऱ्यात मातीचं आख्खं गाव करून घेतलं. काडेपेट्यांची घरं, बाटल्यांच्या बुचांच्या विहिरी, गवताच्या काड्यांचा ऊस. गाव पावलांनी मोजायचं आणि दहा पावलांचं एक बोट धरायचं, असं प्रमाण ठरलं.

बौद्ध वस्तीतल्या संघप्रियानं वस्तीपासून शाळेपर्यंत बोटभर रुंद, सरळ रस्ता केला. खरं म्हणजे तिथं रस्ता नव्हताच. गणपतराव आणि केरबा या दोन भावांच्या उसामधला बांध होता. दोघांनी दोन्हीकडून नांगर घालून तो इतका कोरला होता, की पाऊस लागला की वस्तीतल्या पोरांची शाळा बंद. संघप्रियाला शाळा बुडवायची नव्हती. जे गावात आहे तेच करायचं, असं मी तिला बजावलं.

"बाई, मग पायजे त्ये कवा करायचं?" तिनं विचारलं.

रस्ता तसाच राहिला.

गावात कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी गणपतराव चपला दाराशी काढून वर्गात आले, कोपऱ्यात उकिडवे बसले आणि रस्ता आपल्या उसातून गेलाय म्हणून तो केरबाच्या बाजूला सरकवून गेले. मधल्या सुट्टीत केरबा आला आणि त्यानं तो परत ढकलला. मग हे रोजचंच झालं. माझा गणिताचा तास चाललेला आणि मागं नातवंडं असलेली माणसं माती ढकलताहेत. एकदा केरबा दोरी आणि दोन साक्षीदार घेऊन आला. गणपतरावांनी आपल्या बाजूला बाभळीचे काटे रोवले, ते नेमके माझ्या पायात मोडले. मी दोघांना वर्गाबाहेर काढलं, तर ते खिडकीतून एकमेकांवर नजर ठेवून उभे राहिले.

अशात तालुक्याहून साहेब पोरांचं मातीचं गाव बघायला येणार, असा निरोप आला. सरपंच अंबूबाईंना घाम फुटला. साहेबांसमोर भाऊबंदकी नको म्हणून त्यांनी दोघांची समजूत घातली. दोघांनी पंचांसमोर मोठ्या मनानं अर्धं-अर्धं बोट जमीन सोडली. गणपतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. केरबानं त्यांना मिठी मारली. सात वर्षांनी दोघं बोलले.

मग काय, उद्घाटनच ठरलं. फेटे आले, हलगी आली. दोघा भावांनी वर्गाच्या उंबऱ्यावर मिळून नारळ फोडला. साहेबांनी हस्तकलेच्या कात्रीनं फीत कापली. वस्तीच्या रस्त्याचा प्रश्न कायमचा सुटला, असं अंबूबाईंनी भाषणात जाहीर केलं. आख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या आणि पेढे खाल्ले.

पुढच्या आठवड्यात पावसानं झोडपलं. वस्तीतून एकटी संघप्रिया आली. चपला हातात आणि गुडघ्यापर्यंत चिखल. ती कोपऱ्यात गेली आणि मातीच्या रस्त्याशेजारी आपलं पाऊल टेकवून बघत राहिली.

"बाई, ह्या रस्त्यावरनं चालायला मी केवढी पायजे?"

पोरीला प्रमाण कळलं म्हणून मी हरखले. मुंगीएवढी, असं सांगून टाकलं.

"मग आमी तेवढंच दिसतोय व्हय ह्यास्नी?"

मला रडू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. असला राग की फळ्यावर लिहिलेलं सगळं पुसलं आणि ऊन पडल्या पडल्या वर्ग बाहेर काढला. खो-खोचं मैदान आखायची फक्की घेतली. आजचा पाठ बोटाची पावलं करण्याचा, असं पोरांना सांगितलं. पोरं बांधाच्या मधोमध उभी राहिली. पाच पावलं इकडं, पाच पावलं तिकडं मोजून उसातून पांढऱ्या रेघा ओढत निघाली.

गणपतराव ओरडत आले. मागून केरबा, त्याच्यामागं गाव, आणि गावामागं पदर खोचून अंबूबाई. माझ्या उसात काय चाललंय, असं गणपतरावांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "तुम्ही सोडलेलं अर्धं बोट मोजतोय."

नारळ गणपतरावांनीच फोडला होता, आणि त्याचं खोबरं खाल्लेली माणसं सभोवती उभी होती. ती मातीची गंमत होती म्हणावं, तर तिच्यासाठी ते सगळ्यांदेखत रडले होते. त्यांनी केरबाकडं पाहिलं. केरबा उसाकडं बघत होता.

तेवढ्यात संघप्रिया फक्कीची रेघ ओढत त्यांच्या पायापर्यंत आली आणि थांबली.

"तात्या, जरा बाजूला सरा," ती म्हणाली. "तुमी रस्त्यात हुबं हायसा."

गणपतराव सरले.