वाकणारी चेसी

“अप्पा, चेसीला हे चार जादा अँगल कुणी जोडले?”

दीपमालानं विचारलं, तसा तिचा बाप रामलिंग वेल्डिंगचा चष्मा पुसू लागला. लातूरच्या त्याच्या शेडमध्ये आळ घालायलाही तिसरं माणूस नव्हतं.

“मीच. मजबूत करायलो, दुसरं काय?”

दीपमाला नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होती. तिथल्या मुलांनी ड्रॅग रेसची गाडी बनवायला घेतली होती, सरळ रस्त्यावर एका दमात पळणारी. चालवणार दीपमाला आणि चेसीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, जोडकाम रामलिंगकडे. लातुरात क्लासेसचं पेव फुटल्यापासून निम्म्या होस्टेलांना खाटा त्यानंच पुरवल्या होत्या. त्याची खाट हलवायला चौघं लागत. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी हा एक अँगल जास्तच लावी.

“लई जड झाली, अप्पा. आधी लोक जुन्या गाडीची जाड चेसीच पळवायचे. मग हलके पाइप आले, लांबी वाढली. ड्रायव्हर इंजिनामागं बसायचा. गिअरबॉक्स फुटून एकाचं पाऊल गेलं, तवा इंजिनच पाठीमागं नेलं. मजबूत पिंजरा फक्त माणसाभोवती. बाकी चेसी जरा वाकायलाच पाहिजे, तर चाकं रस्ता धरतात.”

“वाकणाऱ्या लोखंडात पोरगी बसवू व्हय?”

रामलिंग ताडकन बोलला खरा, पण त्याच्या डोळ्यांपुढं जुनं घर आलं. किल्लारीच्या भूकंपात त्याची आई केवळाबाई गेली ती हातभर जाड दगडी भिंतीखाली. त्या भिंतीचा घरादाराला केवढा तोरा होता! शेजारचं कुडाचं खोपट नुसतं हललं आणि उभं राहिलं. इतकी वर्षं हे त्याला ठाऊक होतं, हातांना मात्र पटलं नव्हतं. लेकीच्या काळजीनं त्यानं तीच भिंत लोखंडात रचली होती. त्याला आपल्याच हातांची भीती वाटली.

त्यानं ग्राइंडर उचलला आणि चारही अँगल कापून काढले. डोक्याभोवतीचा पिंजरा तेवढा तसाच ठेवला.

“बस आत. हलवून बघ.”

दीपमालानं आत बसून खांद्यानं जोर दिला. लांब चेसी पार पुढच्या टोकापर्यंत थरथरली. रामलिंगनं पाइप दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरला.

“अप्पा, सोडा की.”

त्यानं एक हात काढला. मग, जरा वेळानं, दुसरा.