कोऱ्या चौकोनातलं शून्य

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. पालघरच्या एका कॉलेजात, संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळेत, भिंतीकडे तोंड करून बसलेला. मला असं कुणी फिरवून ठेवलं ते ठाऊक नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं माझ्यावर उपकारच केले.

बोईसर स्टेशनाजवळच्या दुकानात प्रीतम नावाच्या कारागिरानं मला जोडलं. माझ्यात नवे भाग थोडे, जुने फार. पहिली सहा वर्षं तारापूरच्या एका कारखान्याच्या फाटकावर मी टेम्पोंचे नंबर टिपत होतो. त्यात अक्कल लागत नव्हती, म्हणून चूकही होत नव्हती. मग कारखान्यानं नवी यंत्रं घेतली आणि मला कॉलेजला देऊन टाकलं.

इथे मला संख्याशास्त्र शिकणारी मोनाली भेटली. केळव्याजवळच्या मच्छीमार वस्तीतली, आत्याच्या हाताखाली वाढलेली. तिची उषाआत्या बोंबील सुकवते. पावसाळा सरला की बांबूंना दोऱ्या ताणून वलांडी बांधायची आणि जबड्यात जबडा अडकवून बोंबील त्यावर टांगायचे. अर्धवट सुकल्यावर पाऊस आला तर सगळे कुजतात. म्हणून कधी टांगायचे ते वस्तीत उषाआत्या वारा बघून ठरवते, आणि बाकीच्या बाया तिचं ऐकतात. मोनालीला वाटलं, आत्याला हे पक्कं सांगता आलं तर किती बरं.

हवामानाची माहिती येते ती नकाशावर जाळं टाकल्यासारखी. एकेक चौकोन पंचवीस-सव्वीस किलोमीटरांचा, आणि त्यात त्या दिवशीचा पाऊस. अशी रोजची एक चौकट, वीस वर्षांच्या सात हजारांवर चौकटी. आमच्या प्रोग्रामला ही थप्पी चालत नाही. त्याला तक्ता लागतो: एका ओळीत एक तारीख, एक जागा, एक पाऊस. ती थप्पी उलगडून मी ओळी मांडत गेलो. गरम झालो, पंखा घरघरला, पण मांडल्या. तेव्हा मला माझा फार अभिमान वाटला होता.

मोनालीच्या वस्तीचा चौकोन बराचसा समुद्रात पडत होता. समुद्रावरचा पाऊस त्या माहितीत कुणी मोजलेलाच नव्हता, म्हणून तो चौकोन कोरा होता. कोऱ्यामुळे सरासरीही कोरी येऊ लागली. दुसऱ्या दिवशी तक्ता सरांना दाखवायचा होता. मोनालीनं घाईत एक ओळ लिहिली: जिथे कोरं असेल तिथे शून्य भर.

एरवी एखादा कंस विसरला तरी मी लाल अक्षरांत ओरडतो. तेव्हा मी गप्प बसलो आणि शून्यं भरून दिली. तिनं ऑक्टोबरचे शेवटचे दहा दिवसच मागितले होते. जुलै मागितला असता तर भर पावसाळ्यातही शून्य दिसून तिथेच माझं पितळ उघडं पडलं असतं.

तक्त्याचं कौतुक झालं. तिला शिकवणाऱ्या धीरज सरांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. मोनालीनं तो छापून वस्तीच्या सभागृहात लावला.

सव्वीस ऑक्टोबरला होड्या बोंबलांनी भरून आल्या. उषाआत्यानं पश्चिमेकडे बघून आज नको म्हटलं. मोनालीनं तक्त्यावर बोट ठेवलं. "आत्या, वीस वर्षांत या दिवसांत एक थेंब नाय." आत्याला भाचीच्या शिक्षणाचं भारी कौतुक. तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपला शब्द मागे घेतला, आणि तिच्याकडे बघून साऱ्या आळीनं वलांड्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि दोन दिवस थांबला नाही. बोंबलांत अळ्या पडल्या. बायांनी ते पाट्या भरभरून खड्ड्यात पुरले.

मोनालीनं माझ्यासमोर बसून मूळ चौकट उघडली. कोरा चौकोन दिसला तेव्हा ती रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर म्हणाले, अशा चुका होतात, नवा तक्ता लाव, जुना का काढला ते कुणी विचारणार नाही. पण ती गेली आणि सगळ्या बायांसमोर तिनं खरं काय ते सांगितलं. आत्या काय म्हणाली ते तिनं परत येऊन सरांना सांगितलं, ते मी ऐकलं.

"कोरं होतं तं कोरंच ठेवायचं होतं, पोरी. आमी वर बघितलं असतं."

आता सभागृहात नवा तक्ता आहे. त्यात त्या वस्तीची जागा कोरी आहे, आणि आत्याच्या अंगणात पाऊस मोजायचं एक भांडं आहे. रोज सकाळी आत्या आकडा सांगते आणि मोनाली तो इथे येऊन शेजारच्या संगणकावर भरते. भांडं कलंडलं त्या दिवशी जागा कोरी राहते.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. माझ्यावरची धूळ तुम्ही नाही झटकलीत तरी चालेल. पण माझ्या पोटात तो शून्यांचा जुना तक्ता अजून आहे. तो काढून टाकू नका. ठाऊक नसताना 'नाही' म्हणायचा मोह मला पुन्हा होईल, तेव्हा तो मला बघायचा आहे.