जाखाईचा शेंदूर

भिमाबाईंनी छापलेला कागद खिडकीपाशी नेला, उन्हात धरला आणि पदराने डोळे पुसून पुन्हा पाहिला.

"ही आमची जाखाई नाय," त्या म्हणाल्या. "ही वीट हाय."

मुंबई नाक्याजवळच्या या छापखान्यात चित्रं जुळवून फाइली तयार करण्याचं काम माझं. भिमाबाई दिंडोरीकडच्या एका गावात देवीची पूजा करतात. सोबत आलेले रावजी देवस्थानचे कारभारी. त्यांच्याकडे चैत्री पौर्णिमेला घरोघरचा देवीचा जुना फोटो सकाळीच नदीला देतात आणि तिन्हीसांजेला दिवा लावताना नवा बसवतात. जुने आज सकाळी गेले होते. गावभर देव्हारे रिकामे, आणि आमच्या टेबलावर विटेच्या रंगाच्या देवींचा गठ्ठा.

"मोबाइलवर तर आई नुसती पेटली होती!" रावजींनी फोन माझ्यापुढे धरला. "हा फोटो तुम्हीच पाठवला ना? मी म्हणलं, लय झाक, छापा."

आमचे मालक कुंदनभाऊ चटकन म्हणाले, "कागद गरम आहे अजून. गार झाला की रंग खुलेल. काय तृप्तीताई?"

रोज सकाळी स्तोत्र झालं की मी देवापुढे म्हणते, आज जिभेवर खोटं येऊ देऊ नकोस. एरवी हा नेम सोपा जातो, कारण मी बोलतेच कमी. आत्ता तिघंही माझ्याकडे बघत होती.

"नाही खुलणार," मी म्हणाले.

"अहो ताई!" कुंदनभाऊंनी अडवलं.

"मोबाइलमध्ये रंग उजेडाचे असतात. लाल, हिरवा, निळा. त्याला आरजीबी म्हणतात. कागदाला उजेड कुठला? तिथे चार रंगांची छपाई, सीएमवायके. इतका पेटलेला शेंदूर त्या चारांत मावत नाही. फोटो पाठवतानाच सांगायला हवं होतं मी."

"मग सांगितलं का नाय?" रावजींचा आवाज चढला. "आता गावात कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी कुंदनभाऊंना विचारलं, "छापायला कुठली फाइल लावली?"

"व्हॉट्सअ‍ॅपवरची जेपीजी. गिऱ्हाईकानं पास केलेलंच छापायचं, ही आपलीच रीत ना?"

रीत बरोबर होती, फाइल चुकीची. ती जेपीजी नुसती दाखवायला, दाबून लहान केलेली. मशीनने तिचे रंग आपल्या मनाने बदलले आणि शेंदरात काळं-निळं मिसळलं. माझी मूळ, न दाबलेली टिफ फाइल तशीच पडून होती. तिच्यात शेंदूर वेगळ्या थरावर ठेवलेला होता, म्हणजे तेवढाच रंग बदलता येत होता.

उन्हं उतरू लागली होती. गाव गाठायला गाडी आता निघायला हवी होती. मी टिफ उघडली. शेंदरातलं काळं काढलं, निळं काढलं, तो उठून दिसावा म्हणून देवीमागचं हिरवं लुगडं गडद केलं.

पहिला कागद बाहेर आला. वीट गेली होती, रंग स्वच्छ केशरी होता. रावजींनी शेजारी मोबाइल धरला.

"फिकीच हाय."

"मशीन याच्यापुढे जात नाही," कुंदनभाऊ म्हणाले.

"मग मीबी नेत नाय."

"रावजी," भिमाबाई म्हणाल्या, "ते डबडं बंद कर आधी."

रावजींनी फोन खिशात घातला. भिमाबाई कागदाकडे बघत राहिल्या.

"ही नवा शेंदूर चढवायच्या आधीची हाय," त्या म्हणाल्या. "पहाटं आंघोळ घातली का अशीच दिसती. तुम्ही कोण बघता तवा? मी एकटी बघते."

"पण मावशे, बिनशेंदराची देवी घरात..."

"तुझ्या घरी शेंदूर नाय का रं? ज्याच्या घरी जाईल त्यानं चढवावा."

रावजींनी माझ्याकडे पाहिलं. "कागदावर बसंल?"

कुंदनभाऊ लॅमिनेशनचं मशीन तापवत होते. "ते नको," मी म्हणाले. "प्लास्टिकवरून शेंदराचं तेल घसरेल. नुसत्या कागदावर बसेल, पण डाग पसरेल."

"पसरू दे," भिमाबाई म्हणाल्या.

बाकीचे कागद तसेच छापून झाले आणि गठ्ठे गाडीत चढले. विटेच्या देवीही भिमाबाईंनी मागून घेतल्या. त्या रद्दीत घालायच्या नव्हत्या.

घरी दिवा लावताना फोन वाजला. आरती पुरी होईपर्यंत मी तो हातात घेतला नाही, पण एक कडवं दोनदा म्हटलं गेलं. मग पाहिला. रावजींनी आपल्या देव्हाऱ्याचा फोटो पाठवला होता. कपाळापासून पायापर्यंत बोटांनी ओढलेला शेंदूर आणि कागदभर पसरलेलं तेल.