सत्यभामाचं झाड

दर वर्षी मे महिन्यात, मातृदिनाच्या आदल्या शनिवारी, ऊन कललं की उज्ज्वला स्टीलचा डबा आणि ओलं फडकं घेऊन मोरीमागच्या मोगऱ्यापाशी बसायची. टपोऱ्या, दुधाळ कळ्या तेवढ्या खुडायच्या. टोकाला हिरवट दिसतील त्या झाडावर ठेवायच्या. ओल्या फडक्यात खुडलेल्या कळ्या रात्रीतून उमलत आणि सकाळी डबा उघडला की सगळं घर घमघमायचं. वीस वर्षांत तिचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

तलवाड्याचं चर्च लहान, पत्र्याच्या छपराचं. मंडळी चाळीस-बेचाळीस घरांची. मातृदिनाच्या रविवारी तिथे जुनी रीत होती. ज्याची आई हयात आहे त्यानं छातीवर तांबडं फूल लावायचं, ज्याची आई प्रभूकडे गेली त्यानं पांढरं. बायबलातला सद्गुणी स्त्रीचा अध्याय वाचून झाला की आधी तांबडी फुलं उठत आणि आपापल्या आईजवळ जाऊन तिला सलाम करत. मग पांढरी फुलं जागच्या जागी उभी राहत आणि पाळकसाहेब त्यांच्यासाठी प्रार्थना करत. तांबड्यासाठी गुलाब बीडहून यायचे. पूर्वी रस्त्याकडेची कण्हेर फुकट मिळायची, पण उज्ज्वला शाळेत विज्ञान शिकवणारी. कण्हेरीत विष असतं आणि लहान पोरं हाताला येईल ते तोंडात घालतात, असं सांगून तिनं ती बंद करायला लावली. पांढरी फुलं मात्र तिच्या अंगणातली. त्या मोगऱ्याला घरीदारी सगळे सत्यभामाचं झाड म्हणत.

सत्यभामा म्हणजे उज्ज्वलाच्या नवऱ्याची, प्रविणची, पहिली बायको. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेली. तेव्हा तिची सायली अडीच वर्षांची होती. उज्ज्वला लग्न होऊन या घरात आली तेव्हा सायलीला चौथं लागलं होतं. पहिल्याच मातृदिनाला महिला मंडळातल्या एका बाईनं पोरीच्या फ्रॉकला गुलाब लावायला घेतला. आता नवी आई आली ना, म्हणून. उज्ज्वलानं तिचा हात धरला. "हिची आई प्रभूकडे आहे," ती म्हणाली. "पांढरं लावा."

त्याला कारण होतं. उज्ज्वलाची स्वतःची आई ती नऊ वर्षांची असताना गेली, आणि त्यानंतर माहेरी, पालीच्या घरात, आईचं नाव कुणी काढलं नाही. फोटोसुद्धा पेटीत गेला. आपल्या हाताखाली वाढणाऱ्या पोरीच्या वाट्याला तसं येऊ द्यायचं नाही, एवढं तिनं लग्नाआधीच ठरवलं होतं. सत्यभामाच्या लग्नातल्या फोटोत तिच्या केसांत मोगऱ्याचा भरगच्च गजरा होता. तो पाहून उज्ज्वलानं रोप आणलं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा त्या उन्हाळ्यांतही तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बाजूला ठेवून तिनं ते जगवलं. सायली फोटोतल्या बाईला 'आई' म्हणायची आणि उज्ज्वलाला 'मम्मी'. त्यात कधी गोंधळ झाला नाही.

उज्ज्वलाला स्वतःचं मूल झालं नाही. त्याचं दुःख तिनं प्रार्थनेत मांडलं आणि तिथेच ठेवलं. पण चर्चमध्ये तांबडी फुलं उठली, बायकांच्या बाजूला मुलांची एकच झुंबड झाली, की त्या पाच मिनिटांत ती गीतांचं पुस्तक उघडून पानं चाळत बसायची. एकदा तरी कुणीतरी आपल्याकडे चालत यावं असं तिला वाटायचं. आणि असं वाटतं याची लाजही वाटायची. गेलेल्या बाईशी कसली बरोबरी करायची?

"मम्मी," सायली मागं येऊन उभी राहिली होती. "उद्या मला तांबडं लाव."

उज्ज्वलाच्या हातातली कळी डब्याबाहेर पडली. ती तिनं उचलली, फुंकली, आत ठेवली.

"हे काय नवीन?"

"नवीन कशाचं? मंगळवारी पुण्याला रुजू व्हायचंय. दवाखान्याची ड्यूटी, नर्सला कसला रविवार न् बिविवार. पुढच्या मातृदिनाला मी इथं असंल का न्हाई, कुणी सांगावं."

"आणि आजी?"

 सायलीची आजी तुळजाबाई, सत्यभामाची आई, दर वर्षी या एका रविवारासाठी धर्मापुरीहून एसटीनं यायची. ब्याऐंशी वर्षांची बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वर साखर. चर्चच्या दारात ती नातीला जवळ ओढायची आणि छातीवरच्या मोगऱ्याला नाक लावून मोठा श्वास घ्यायची. डोळ्यांना दिसेनासं झाल्यापासून तर जास्तच.

"ह्या एका दिवशी तिची लेक तिला भेटते," उज्ज्वला म्हणाली. "तिला गुलाबाचा वास आला तर काय वाटेल? आपल्या पोरीचं नाव पुसलं, असंच ना?"

"आन् मला काय वाटतं, ते?"

"तुला काय वाटतं ते मला कळतं," उज्ज्वला म्हणाली. तिनं झाडाकडे तोंड फिरवलं. "आत जा. भात लागेल."

भात मुळीच लागत नव्हता. सायलीला ते ठाऊक होतं.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. गेवराईच्या स्टँडवरून प्रविण सासूला घेऊन आला होता. मागं तुळजाबाई एका कडेला बसलेली, मांडीवर गाठोडं.

"सलाम गं उज्ज्वला! ह्या जावयानं मला ज्वारीच्या पोत्यावानी आणलं. एक खड्डा सोडला न्हाई."

"पोतं गप बसतंय मामी," प्रविण म्हणाला. "तुमी गेवराईपसनं बोलताय."

"बोलू नको तर काय करू? दिसत न्हाई, चालवत न्हाई. तोंड तेवढं देवानं चालू ठेवलंय." हात धरून उतरता उतरता तिनं मान वर केली. "झाड फुललंय बरं का. फाटकापातूर वास येतोय."

उज्ज्वलानं सायलीकडे पाहिलं. बघ, मी म्हणत नव्हते? सायलीनं नजर चुकवली आणि गाठोडं आत नेलं.

सकाळी साडेआठलाच चर्चचा पत्रा तापला होता. दाराशी टेबलावर दोन टोपल्या, एकीत गुलाब, दुसरीत मोगरा, मध्ये टाचण्यांची डबी. उज्ज्वला लहान मुलांना फुलं लावत होती. टाचणी आडवी घालायची, टोक परत कापडात, म्हणजे कुणाला बोचत नाही. प्रविण तुळजाबाईला धरून पायऱ्या चढवत होता. सायली त्यांच्या पुढं आली, टेबलाशी थांबली, गुलाबांच्या टोपलीतून एक फूल उचललं आणि उज्ज्वलाकडे न बघता स्वतःच ओढणीला टाचलं.  टाचणी तिरकी गेली.

उज्ज्वला काही बोलायच्या आत तुळजाबाई पोचली होती.

"कुठंय माझी पोर? ये हिकडं." तिनं नातीचे खांदे चाचपले, सवयीनं वाकली, नाक लावलं. मग सरळ झाली. "मोगरा कुठंय गं?"

मागच्या बायका माना वळवून बघू लागल्या. सायलीचा चेहरा उतरला. 

"चुकून झालं, मावशी," उज्ज्वला घाईनं पुढं आली. "गडबडीत टोपल्या बदलल्या. लगेच काढते." तिनं सायलीच्या ओढणीतली टाचणी धरली. या एका फुलासाठी तिनं वीस वर्षं गीतांच्या पुस्तकात मान घातली होती, आणि आज तेच फूल ती आपल्या हातानं काढायला निघाली होती. टाचणी तिरकी असल्यामुळे पटकन निघेना.

तुळजाबाईचा सुरकुतलेला हात तिच्या मनगटावर पडला. "थांब."

"मावशी, खरंच..."

"थांब म्हणते ना. टोपल्या बदलल्या न्हाईत. तू टोपली चुकणारी बाई न्हाईस. तू आज खोटं बोललीस, ते बी चर्चच्या दारात." म्हातारीचा आवाज कडक होता, पण हात नव्हता. "आन् आता निघालंच हाय तर मी बी एक सांगते. माझ्या सत्यभामाला मोगरा सोसायचा न्हाई."

उज्ज्वलाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"वास आला की डोकं धरून बसायची ती. अर्धा दिवस भाकरी थापायची न्हाई."

"पण फोटोत... लग्नाच्या फोटोत गजरा आहे."

"तो माझ्या जावेनं बळंच माळला! फोटोवाला फाटकाबाहीर गेला न्हाई तोच हिनं उपटून शेळीला टाकला. शेळीनं बी खाल्ला न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं, बहुधा प्रविण. उज्ज्वलाला मात्र वर्गातला फळा दिसत होता. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नका, असं दर जूनमध्ये सातवीच्या मुलांना ती त्यावर लिहून द्यायची.

"मग वीस वर्षं बोलला का नाहीत?" तिनं विचारलं.

"काय बोलू? पहिल्या साली आले तवा तू मोरीपाशी वाकून तांदळाचं पाणी त्या रोपाला घालत होतीस. प्यायला पाणी न्हाई आन् ही झाडाला घालती. मी म्हणलं, कावून गं? तू म्हणलीस, सत्यभामाताईचं झाड हाय, मरू कसं द्यायचं." तुळजाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "माझ्या भाऊबंदांनी पोरीचं नाव घेणं सोडलं होतं. घरात कुणी काढलं की म्हणायचे, कशाला रडवता म्हातारीला. आन् ही परकी बाई माझ्या लेकीला ताई म्हणती, तिच्या नावाचं झाड जगवती. मी म्हणलं, मोगरा तर मोगरा. दर साली मी त्याच्यात नाक घालून वास घेते ना, तो मला तुझाच वास येतो, येडे."

उज्ज्वलाच्या बोटांतून टाचणी सुटली.

"आता ह्या पोरीचं ऐक," म्हातारी म्हणाली. "हिची एक आई गेली. एक हाय. गेली तिला कुणी विसरलं न्हाई, ते तुझ्यामुळं. आता हाय तिला न्हाई म्हणू नको. मला दिसत न्हाई, पण एवढं कळतंय." मग खांदे सैल सोडून, नेहमीच्या आवाजात, "ती टाचणी नीट लाव. तिरकी लागलीय, मला हाताला कळती. आन् मोगरा हिकडं आण, मला लाव. माझ्या आईला लई आवडायचा."

उज्ज्वलानं दोन्ही फुलं लावली. टाचणी आडवी, टोक परत कापडात. तिसरं, मोगऱ्याचं, स्वतःच्या पदराला.

आत वाचन झालं. पाळकसाहेबांनी फार वेळ घेतला नाही. तापलेल्या पत्र्याखाली कोण किती वेळ ऐकणार? ते एवढंच म्हणाले, की या अध्यायातली बाई पहाटेपासून कामात आहे. ती घरच्यांना जेवू घालते, गरिबाला हात देते, पण अख्ख्या अध्यायात स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाही. बोलतात ती तिची मुलं, तीही शेवटी, उठून. म्हणून आपल्याकडे उठायची रीत आहे. ज्यांच्या छातीवर तांबडं फूल आहे त्यांनी उठावं.

बाकं करकरली. उज्ज्वलाचा हात आपोआप गीतांच्या पुस्तकाकडे गेला. पुस्तक तिनं उघडलंही. पान कोणतं ते नंतर तिला आठवेना. कारण शेजारची जागा रिकामी झाली होती आणि सायली तिच्यासमोर येऊन उभी होती. येऊन कसली, उठून एक पाऊल वळली होती फक्त. पण तेवढं अंतर पार व्हायला वीस वर्षं लागली होती.

"सलाम, मम्मी," सायली म्हणाली. लहानपणी ताप आला की घालायची तसं तिनं उज्ज्वलाच्या खांद्यात डोकं घातलं. गुलाब दोघींच्या मध्ये चुरगळला.

"फूल गेलं," उज्ज्वला हळूच म्हणाली.

"जाऊ दे की," पलीकडून तुळजाबाई म्हणाली, चांगली मोठ्यानं. "बीडला रग्गड हायत."

मग पाळकसाहेबांनी पांढऱ्या फुलांना उभं राहायला सांगितलं. तुळजाबाईला एकटीनं उठवेना. एका बाजूनं उज्ज्वलानं धरलं, दुसऱ्या बाजूनं सायलीनं, आणि प्रार्थना संपेपर्यंत तिघी तशाच उभ्या राहिल्या. चुरगळलेला गुलाब लावून सायली पांढऱ्यांत उभी आहे, हे सगळ्यांनी पाहिलं. रीतीला ते धरून नव्हतं. कुणी काही म्हणालं नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर उज्ज्वलानं तांदळाचं पाणी बाजूला काढलं आणि मोरीमागं जाऊन मोगऱ्याच्या बुडात ओतलं. ओट्यावर पाय पसरून बसलेल्या तुळजाबाईला पाण्याचा आवाज ऐकू गेला.

"अजून घालतीस?"

"झाडाचा काय दोष?" उज्ज्वला म्हणाली. मग पातेलं उपडं घालून तिनं वीस वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "मावशी, ताईंना आवडायचं कोणतं?"

"शेवंती," म्हातारी म्हणाली. तिच्या न दिसणाऱ्या डोळ्यांत एकदम हसू आलं. "पिवळी, बारीक. येणी करून केसांत घालायची. पर उन्हाळ्यात कुठली शेवंती?"

उन्हाळ्यात शेवंती नसते, हे उज्ज्वलाला माहीत होतं. दिवस लहान व्हायला लागले की तिला कळ्या धरतात. रोपं जूनमध्ये लावली तर नाताळात फुलतील. तिनं मोरीच्या पलीकडची जागा पाहिली. तिथं सकाळचं ऊन चांगलं यायचं.

"सायली," तिनं घरात हाक मारली, "नाताळला सुट्टी मिळेल का, ते आधी विचार."