गोधडी पांघरलेला बुधला

त्या दिवशी ग्लासगोत सकाळपासून भुरभुर चालली होती. पाऊस म्हणावा तर छत्री उघडायला लाज वाटावी, आणि तसंच निघावं तर कोट ओला. इथलं आभाळ असंच. काय ते एकदाचं सांगून टाकत नाही. त्या भुरभुरीत मी एका बंद दाराच्या पायरीवर उघडाबोडका बसलो होतो. मी काचेचा बुधला बोलतोय. पोट मोठं, मान आखूड, मानेपाशी धरायला एक कडी. जन्म भट्टीतला, शाळा काही पाहिली नाही. तेव्हा आठवेल तसं सांगतो, सावकाश.

माझा पहिला धनी आर्ची. गोदीत वेल्डर होता. बागेतल्या शेडमध्ये माझ्यात बिअर करायचा, आणि प्यायचा तर किती, विचारू नका. मग त्याची बायको मॅगी आजारी पडली. जाण्याआधी तिनं त्याचा हात धरून शब्द घेतला. तिला पोचवून आला, त्या दिवसापासून आर्चीनं थेंब घेतला नाही. मला मात्र त्याच्यानं टाकवेना. धुतला, पुसला आणि फळीवर ठेवून दिला.

त्र्याऐंशी साली शेजारच्या घरात हरिदास राहायला आला. बसड्रायव्हर माणूस. सोबत बायको सिंधू आणि शाळेत जाणारी मीनल. दिवाळीत सिंधूनं आर्चीकडे करंज्यांचं ताट पाठवलं. त्यानं ते लख्ख धुऊन रिकामं परत केलं. हरिदास हसत म्हणाला, "आर्ची, आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत. घरातली बरकत जाते म्हणतात." आर्ची कानापर्यंत लाल झाला. पण नंतर कधी चुकला नाही. ताटात शॉर्टब्रेडची बिस्किटं, नाहीतर बागेतल्या रुबार्बचे आंबट देठ, काही ना काही यायचंच.

पुढं हरिदासनं एकदा मला शेडमध्ये पाहिलं आणि त्याला हौस उपजली. आर्ची म्हणाला, "ने. शिकवतो तुला. पण तुझ्या घरात कर, माझ्या नको."

स्वयंपाकघरामागं अडगळीची एक खोली होती. दोघांनी मिळून ती उभी केली. फळ्या ठोकल्या, नळ घेतला, खिडकीला काळं कापड लावलं, कारण उजेडानं बिअर नासते. बादल्या, नळ्या, बाटल्या ओळीनं मांडल्या. आर्चीचा पहिला धडा स्वच्छतेचा. हात धुतल्याशिवाय कशाला शिवायचं नाही, बाहेरचा चमचा आत आणायचा नाही.

हरिदास बायकोला म्हणाला, "अगं, हे आपल्या सोवळ्यासारखंच आहे."

"दारूचं सोवळं!" सिंधू कपाळावर हात मारून म्हणाली. "सासूबाई असत्या तर तुम्हालाच त्या बादलीत बुडवलं असतं."

पण हिवाळा आला आणि बिअर आंबवणारं आतलं यीस्ट गारठून निजलं, तेव्हा तिनंच जुन्या लुगड्याची छोटी गोधडी शिवून मला गुंडाळलं. तान्ह्या बाळाला गुंडाळतात तसं. दुसऱ्या दिवशी माझ्या बुचातली पाण्याची वाकडी नळी बोलायला लागली. बुडुक. बुडुक. आंबत असलं की वायू असा निघतो. रविवारी आर्ची काळा चहा घेऊन माझ्याजवळ स्टुलावर बसायचा. म्हणायचा, "हॅरी, प्यायची सवय गेली, ऐकायची नाही गेली." हरिदास त्याच्या पाठीवर थाप मारायचा. वर्षं अशी गेली. मला वाटायचं, या घरात आपण पाहुणे नाही, घरचेच.

मग मीनलचं लग्न निघालं. एडिनबराचं स्थळ. मुलगा उदय बँकेत, इथंच जन्मलेला, आणि मीनलला मनापासून आवडलेला. त्याचे वडील श्रीनिवासराव मात्र फार कडक. दारूच्या दुकानावरून जायचं तर रस्ता बदलणारे. आणि नेमकी त्याच आठवड्यात हरिदासनं साखरपुड्यासाठी माझ्यात बिअर घातली होती.

आर्ची म्हणाला, "पाहुणे जाईपर्यंत माझ्या शेडमध्ये ठेव ना."

"छे! माझ्या घरात मी लपवू कशाला?" हरिदास छाती काढून म्हणाला. मला केवढा अभिमान वाटला!

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. कुणी काही बोलेना, आणि त्या शांततेत मी आपला, बुडुक.

उदय त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "काका, हा कसला आवाज येते?"

"हीटिंगचा असेल," हरिदास म्हणाला. तोवर हात धुवायला म्हणून श्रीनिवासराव आत आले आणि त्यांनी खोलीचं दार ढकललं. मागोमाग सगळेच आले.

"हे काय आहे, हरिदासराव?"

"ते होय... शेजाऱ्याचं आहे. त्याच्याकडे जागा नाही."

"शेजाऱ्याच्या बुधल्याला आपली गोधडी?"

उदयला कळावं म्हणून हरिदास इंग्रजीत म्हणाला, "तो दारुडा आहे. बायको गेली त्याची. नाही म्हणवत नाही हो आम्हाला."

मागच्या दारात आर्ची उभा होता. हातात सिंधूचं ताट, त्यात रचून आणलेलं शॉर्टब्रेड.

मीनल पुटपुटली, "बाबा, प्लीज. असं नका ना."

हरिदासनं मान वर केली नाही. आर्चीनं त्याच्याकडे पाहिलं, मग मीनलकडे पाहिलं. ताट ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "हो. माझंच आहे ते." आणि गेला.

श्रीनिवासराव म्हणाले, "मग आजच परत करून टाका. लेक असलेल्या घरात असलं नको."

हरिदासनं मला सिंकमध्ये उलटा केला. साखरपुड्याची बिअर फेसाळत गेली. गोधडी ओढून काढली. सिंधू हळूच म्हणाली, "अहो, रिकामा नका नेऊ. मूठभर साखर तरी घाला."

"गप्प बस. बघतायत ते."

कुंपणापलीकडे जाऊन त्यानं मला आर्चीच्या पायरीवर ठेवलं. दारावर टकटकसुद्धा केली नाही. त्या घरातून इतक्या वर्षांत वाटीसुद्धा कधी रिकामी गेली नव्हती. मी गेलो.

लग्न थाटात झालं. बोलावणं कुंपण ओलांडून इकडे आलं नाही. खोलीत आता हरिदास चपला-बूट ठेवतो म्हणे. सिंधू कपडे वाळत घालताना इकडे बघते, आणि चिमट्याशी खेळत राहते. मी आर्चीच्या खिडकीत असतो. पोटात काही नाही, आवाज नाही. हरिदासचं वाईट चिंतत नाही मी. लेकीचा बाप होता. पण बाबांनो, ज्याला एकदा पांघरूण घातलंत, त्याला चारचौघांत उघडं करू नका. माणूस असो की काच.

त्या दिवशी किती वेळ भिजलो कुणास ठाऊक. मग दार उघडलं. आर्ची गुडघ्यावर हात टेकत खाली वाकला, बाहीनं माझं तोंड पुसलं, आत डोकावून पाहिलं. कुंपणापलीकडे गाडीत बसणाऱ्या पाहुण्यांचं हसणं ऐकू येत होतं. मला उचलून छातीशी धरत तो म्हणाला, "चल आत, थंडीनं तडकशील. मी थेंबाला शिवत नाही, हे तुला तरी ठाऊक आहे ना?"