बिघाड आपल्या बाजूला

सातव्यांदाही मोबाइलवर तेच पांढरं पान आणि मधोमध गरगरणारं चाक. फॉल्टकाकांनी वहीत लिहिलं, ‘मोबाइलवरून : नाही.’ मग टीव्हीखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर घराच्या यंत्रणेचं तेच पान उघडलं, तर तिथे ते पहिल्याच झटक्यात आलं. स्वयंपाकघर, बैठकीची खोली, दरवाजा, सगळं ओळीने हजर. ‘कॉम्प्युटरवरून : हो.’ म्हणजे यंत्रणा जिवंत होती, वाट बंद होती. काका खुदकन हसले.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं त्यांनी तक्रारी तपासण्याच्या टेबलावर काढलेली. गल्लीने त्यांना हे नाव दिलं ते काही उगीच नाही. तिथला नियम एकच. बिघाड आधी आपल्या बाजूला शोधायचा, मग वाटेत, आणि गिऱ्हाइकाच्या दारात अगदी शेवटी.

बायको गेल्यावर परदेशातली लेक महिनाभर येऊन राहिली, आणि जाताना ही यंत्रणा बसवून गेली. दिवे, पंखे, दरवाजा, सगळं त्या कॉम्प्युटरला जोडलेलं. इथे बटण दाबलं की तिला तिकडे दिसायचं. म्हातारपणी ही कसली पाळत, म्हणून काका आधी करवादलेच. पण एकदा ते उशिरापर्यंत लोळत पडले तर लेकीचा फोन. स्वयंपाकघरातला दिवा नाही लागला, बरं आहे ना? त्या दिवसापासून कुरकुर बंद. पहाटे दिवा लावताना ते भिंतीकडे बघून म्हणायचे, “उठलो गं.” लाज वाटायची, पण म्हणायचे.

अलीकडे तिचे फोन रविवारवर आले होते, आणि रविवारही अधूनमधून हुकायचा. गेल्या सोमवारी काकांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी दिवा लावलाच नाही. अंधारात चहा केला, दूध उतू घालवलं, बोट भाजून घेतलं. फोन आला नाही. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. शनिवारपर्यंत घास गोड लागेना. आणि आज रविवारी सकाळी सहज मोबाइलवर पान उघडायला गेले, तर ते उघडेना. अहो, मग तिला तरी कसं दिसणार! सहा दिवसांचं ओझं छातीवरून उतरलं. कुठल्याही बिघाडाने काकांना इतका आनंद दिला नव्हता.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लिहायची, आणि होती तशी परत करायची. राउटर बंद करून चालू केला : नाही. केबल काढून घातली : नाही. मग आठवलं, तीन आठवड्यांपूर्वी कॉम्प्युटरने आपणहून काहीतरी नवं भरून घेतलं होतं, आणि काकांनी न वाचताच ‘हो, हो’ म्हटलं होतं. फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारा कॉम्प्युटरचा पहारा, दोन मिनिटं बंद केली. मोबाइलवर अख्खं घर उघडलं. चालू केली, गायब. घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी, तसला प्रकार. काकांनी यंत्रणेच्या नावापुढे परवानगीची खूण केली आणि वहीत ठळक लिहिलं, ‘बिघाड आपल्या बाजूला.’

इथेच उठायला हवं होतं. पण नोंदी पाहिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, ही जुनी खोड. फायरवॉलने कोणाला कधी अडवलं, सगळं लिहून ठेवलेलं होतं. बिचाऱ्या लेकीने तीन आठवडे किती वेळा दार ठोठावलं असेल, तेवढं सांगू तिला, हसेल, असं त्यांच्या मनात आलं.

नोंदी होत्या त्या सगळ्या आजच्या, त्यांच्याच मोबाइलच्या.

घराबाहेरून आलेलं नोंदवत नसेल, काकांनी स्वतःला समजावलं. खूण काढली, घरचं वाय-फाय सोडून बाहेरच्या नेटवरून पान उघडून पाहिलं. लगेच नवी नोंद पडली. नोंदवत होतं. खूण परत केली आणि कोण कधी डोकावलं याची यंत्रणेची स्वतःची जुनी यादी उघडली. लेक शेवटची डोकावली होती अडीच महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी, मिनिटभर.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. नोकरी, दोन पोरं, त्यांची आजारपणं. तिला डोकं वर काढायला फुरसत नव्हती, हे कळत होतं. कळलं म्हणून दुखायचं थोडंच थांबतं.

दुपारी तिचा फोन आला. मागे पोरांचा कालवा. गुडघा झाला, औषधं झाली. काकांना राहवलं नाही.

“घर दिसतं का गं तिकडून?”

तिने आधी पोरांना दटावलं.

“नाही ना बाबा. किती दिवस बघतेय, उघडतच नाहीये. तुम्हाला सांगणारच होते.”

काकांनी वही मिटली.

“हो गं. बिघाड इकडेच आहे, आपल्या बाजूला. तू नको डोकं शिणवू.”

“दुरुस्त होईल ना?”

“बघतो. वेळ लागेल.”

“सावकाश करा,” ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडलेला त्यांना स्पष्ट ऐकू आला. चौतीस वर्षं तारेतून आवाज ऐकलेला माणूस तो.

फोन ठेवून काका कॉम्प्युटरपुढे बसले. लेक निवांत झाल्यावर बघेल उघडून, आणि उघडलं तर? तिचा शब्द खोटा पडायचा. बाबांना सगळं कळलंय, हेही तिला कळायचं. काकांनी परवानगीची खूण काढून टाकली. मोबाइलवर तपासलं. पांढरं पान, गरगरणारं चाक. उभ्या नोकरीत सापडलेला बिघाड तसाच ठेवून ते कधी उठले नव्हते. आज उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी स्वयंपाकघरातला दिवा लावला.

“उठलो गं,” म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवलं.